नव्वद तट्टांची गोष्ट



टोकियो शहरात यासुकुनी नावाचे एक शिंतो देवस्थान आहे. जपानच्या बाजूने लढाईत पडलेल्या लाखो माणसांना तिथे देवपण दिलेले आहे. त्याच आवारात युशुकान नावाचे युद्धसंग्रहालय आहे. त्याच्या दर्शनी दालनात शिरलात, की एक लढाऊ विमान दिसते, काही तोफा दिसतात, आणि त्यांच्याच पंगतीला बसवलेले वाफेचे एक छोटेखानी इंजिन दिसते. काळेभोर, पुसूनपासून लखलखीत ठेवलेले. कपाळावरच्या पाटीवर त्याचे नाव आहे : सी-५६, क्रमांक ३१.

युद्धसंग्रहालयात तोफ असावी, विमान असावे, यात नवल नाही. पण आगगाडीचे इंजिन तिथे कशाला? त्याने कुणावर गोळा टाकला नाही, कुणावर बंदूक रोखली नाही. ते बिचारे डबे ओढणारे जनावर! मग तोफांच्या शेजारी त्याला मानाची जागा कशी मिळाली? आणि मिळाली ती योग्यच मिळाली का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची, तर आपल्याला या इंजिनाच्या साऱ्या गोताची हकीकत पाहावी लागेल. ती हकीकत जपानच्या डोंगरात सुरू होते, सयामच्या जंगलात जाते आणि तिथे आपल्या देशाच्या लेकरांनाही येऊन भिडते. म्हणून ती आज तुम्हाला सांगायची आहे.

जपानमध्ये पहिली आगगाडी १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा या मार्गावर धावली. इंजिने इंग्लंडमधून आणलेली होती आणि रुळांमधले अंतर होते साडेतीन फूट, म्हणजे १०६७ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजपेक्षा पुष्कळच अरुंद. डोंगराळ देश, जागा कमी, पैसाही कमी; तेव्हा लहान गेज पुरे, असा तो हिशेब होता. पुढे जपानी कारखान्यांनी स्वतः इंजिने बांधायला घेतली, आणि १९२८ साली त्यांच्या नावांची एक सुटसुटीत पद्धत बसवून दिली. ओढणारे आस तीन असले तर ‘सी’, चार असले तर ‘डी’. पुढचा आकडा दहा ते एकोणपन्नास असेल, तर इंजिन आपले पाणी आपल्याच अंगावर वाहणारे. पन्नासच्या वर असेल, तर कोळसापाण्यासाठी मागे वेगळी गाडी, म्हणजे टेंडर, जोडलेले. म्हणजे ‘सी-छप्पन्न’ हे नाव ऐकले, की जाणकाराला कळते : तीन आसांचे, टेंडरवाले इंजिन.

आता हे इंजिन बांधावे का लागले, ते पाहा. १९३२ पासून जपानच्या लहान फाट्यांवर सी-१२ नावाचे इंजिन धावत होते. वजनाला हलके, म्हणून कच्च्या मार्गावर चालायला उत्तम. पण त्याच्या अंगावर कोळसा-पाणी मावायचे ते किती! जवळच्या जवळ ठीक. लांबचा डोंगरी पल्ला आला, की वाटेत तहान लागायची. तेव्हा १९३५ साली याच इंजिनाच्या धर्तीवर, पण मागे टेंडर जोडून, सी-५६ तयार झाले. कोळसा पाच टन, पाणी दहा टन. सगळे मिळून वजन पासष्ट टनांच्या आसपास. मोठ्या इंजिनांच्या मानाने हे वजन म्हणजे काहीच नाही.

त्यात एक अडचण होती, आणि ती ज्या युक्तीने सोडवली, ती मला या इंजिनाची सगळ्यात गोड गोष्ट वाटते. लहान फाट्याच्या शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवायची चकती नसते. म्हणजे जाताना इंजिन सरळ जायचे आणि येताना उलटे, टेंडर पुढे करून यायचे. मागे एवढे कोळशाचे खोके असल्यावर ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसावा कसा? तर या मंडळींनी टेंडरचे दोन्ही खांदे तिरके छाटून टाकले! मधे कोळशाची अरुंद पेटी आणि दोन्ही बाजूंनी नजर जायला मोकळी वाट. आजही कुठल्याही चित्रात हे इंजिन त्या छाटलेल्या खांद्यांवरून चटकन ओळखू येते.

१९३५ सालीच मध्य जपानच्या डोंगरातला कोउमी मार्ग पुरा झाला. या मार्गावरचे नोबेयामा स्टेशन समुद्रसपाटीपासून १३४५ मीटर उंचीवर आहे. जपानी रेल्वेचे ते सर्वांत उंच स्टेशन. या चढावर सी-५६ इंजिने दोनचार डबे घेऊन धापा टाकत जायची. लोकांनी लाडाने त्यांना नाव ठेवले, ‘पठारावरचे तट्टू’. नाव अगदी चपखल. डौलदार अबलख घोडा नव्हे, शर्यतीचा अरबी नव्हे. ओझे वाहणारे, अडचणीच्या वाटेवर न बिथरणारे, थोड्या चाऱ्यावर भागवणारे तट्टू. जपानी रेल्वेने अशी एकंदर १६० तट्टे घेतली. डी-५१ या त्या काळच्या प्रसिद्ध मालगाडीच्या इंजिनाची संख्या १११५ होती. त्यापुढे हा गोतावळा लहानच.

मग डिसेंबर १९४१ उजाडला. जपान महायुद्धात उतरला आणि पाहता पाहता मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेश त्याच्या हाती गेले. देश घेतले, पण घेतलेल्या देशात फौजेला रसद पोचवायची तर आगगाडी हवी. आणि या मुलखातली आगगाडी होती मीटरगेज.

इथे आपल्या देशाचा धागा येतो. मीटरगेज हे गेज मुळात हिंदुस्थानात ठरले. १८७० साली, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, मुख्य मार्गांखेरीज इतर मार्ग स्वस्तात बांधावेत म्हणून हे माप पक्के झाले. आपल्या ऐकणाऱ्यांतल्या वडीलधाऱ्यांना पुणे-मिरज मार्ग आठवत असेल. १९७१ साली तो ब्रॉडगेज झाला, तोवर मीटरगेजच होता. ब्रह्मदेश त्या वेळी इंग्रजांच्या हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखाली. रंगूनहून प्रोमला १८७७ साली पहिली गाडी गेली, ती याच मापाच्या रुळांवरून. मलाया आणि सयाम यांनीही पुढे हेच माप घेतले.

तर जपानचे रूळ १०६७ मिलिमीटरचे आणि इकडचे हजाराचे. फरक फक्त सदुसष्ट मिलिमीटरचा, जेमतेम चार बोटांचा. चाके आत घेऊन हा फरक मिटवता येण्याजोगा होता. पण इंजिन हलके हवे, कच्च्या मार्गावर चालणारे हवे, उलटसुलट कसेही धावणारे हवे. सैन्याच्या अधिकाऱ्यांनी यादी काढली आणि बोट ठेवले ते सी-५६ वर. ज्या गुणांसाठी ते डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या कामी आले, त्याच गुणांसाठी ते लढाईच्या कामी निवडले गेले! क्रमांक १ ते क्रमांक ९०, अशी ओळीने नव्वद इंजिने रेल्वेकडून काढून घेतली, त्यांची चाके मीटरगेजला बसवली, आणि १९४१-४२ मध्ये जहाजांवर चढवून दक्षिणेला धाडली. घरी राहिली सत्तर.

१९४२ च्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत जपानच्या आरमाराला जबर फटका बसला. सिंगापूरला वळसा घालून रंगूनला जाणारा समुद्रमार्ग आता धोक्याचा झाला. तेव्हा सयाममधल्या नाँग प्लादुकपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायतपर्यंत डोंगर-जंगलातून थेट रेल्वे काढायची, असा हुकूम सुटला. अंतर ४१५ किलोमीटर. इंग्रजांच्या काळातही या मार्गाचा विचार झाला होता, पण काम फार अवघड म्हणून सोडून दिला होता. जपान्यांनी ते काम साधारण सोळा महिन्यांत पुरे केले. कसे केले? माणसे खर्ची घालून केले.

साठ हजारांवर ब्रिटिश, डच, ऑस्ट्रेलियन आणि काही अमेरिकन युद्धकैदी कामाला जुंपले. कातळ फोडायला हातोडा आणि पहार, माती उपसायला टोपल्या. मलायातले रूळ उखडून इकडे आणले. १९४३ च्या पावसाळ्यात काम लवकर उरकण्याची घाई सुरू झाली आणि त्याच पावसात पटकीची साथ छावण्यांत शिरली. बारा हजारांहून अधिक युद्धकैदी मेले.

ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. निदान सिनेमामुळे तरी. पण या मार्गावर कैद्यांच्या तिप्पट-चौपट संख्येने दुसरीच माणसे राबत होती. ब्रह्मी होती, मलायी होती, जावाची होती, आणि हजारोंनी तमिळ होती. हे तमिळ लोक मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे मजूर. लढाई आली, रबराला गिऱ्हाईक उरले नाही, मळे बंद पडले आणि त्यांच्या हातांना काम राहिले नाही. अशांना पगाराचे आणि धान्याचे आमिष दाखवून गाड्यांत भरले. आमिषाला कुणी भुलेना, तेव्हा पकडून नेले. एकंदर आशियाई मजुरांची संख्या इतिहासकार पावणेदोन लाख ते अडीच लाख धरतात, आणि त्यांतले नव्वद हजारांच्या आसपास मेले असावेत, असा अंदाज आहे.

‘अंदाज’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, बरं का. कैद्यांच्या बाबतीत आकडा जवळजवळ नेमका सांगता येतो आणि मजुरांच्या बाबतीत येत नाही. असं का व्हावं? कैदी हे फौजेचे लोक. त्यांच्यात अधिकारी होते, डॉक्टर होते, हजेरीपट होते. कोण मेला, कुठे पुरला, याच्या याद्या त्यांनी जिवावर उदार होऊन लपवून ठेवल्या. लढाई संपल्यावर त्या याद्यांवरून थडगी शोधता आली. मजुरांना ना डॉक्टर, ना अधिकारी, ना यादी. नवरा मेला तर त्याचे नाव बायकोच्या तोंडी. बायकोही मेली, की नाव गेले. इतिहासाच्या अभ्यासात कागद नाही त्याला तोंड नाही, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. त्या वाक्याचा अर्थ काय असतो, तो इथे कळतो.

दोन्ही टोकांकडून येणारे रूळ १७ ऑक्टोबर १९४३ रोजी कोंकोइता येथे एकमेकांना मिळाले. २५ ऑक्टोबरला उद्घाटनाचा समारंभ झाला. त्या समारंभाची गाडी ओढायचा मान ज्या इंजिनाला मिळाला, ते होते सी-५६ क्रमांक ३१. १९३६ साली बांधलेले, जपानमध्ये असताना नानाओच्या शेडमध्ये काम केलेले तट्टू. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते नोतोच्या किनाऱ्याकडचे साधेसुधे उतारू आणि त्यांची बोचकी वाहत होते. आता ते साऱ्या साम्राज्याचे मानचिन्ह झाले.

पुढे मित्रराष्ट्रांच्या विमानांनी या मार्गावर आणि त्याच्या पुलांवर बाँब टाकले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान शरण आला. लढाई हरलेल्या मालकाच्या वस्तूंचे जे होते, तेच या इंजिनांचे झाले. छेचाळीस इंजिने सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, रेल्वेच्या पदरात पडली. त्यांना ७०१ ते ७४६ असे नवे क्रमांक मिळाले. आपले क्रमांक ३१ तिथे ७२५ झाले. काही ब्रह्मदेशाच्या रेल्वेत गेली. कोळशाऐवजी लाकडे खाऊन ही जपानी तट्टे थायलंडच्या भातखाचरांतून पुढली तीस-एक वर्षे गाड्या ओढत राहिली. खुद्द तो रेल्वेमार्ग मात्र पुष्कळसा उखडला गेला. थायलंडच्या बाजूचा नाम टोकपर्यंतचा सुमारे १३० किलोमीटरचा तुकडा तेवढा आजही वाहतुकीत आहे.

आता जतनाची गोष्ट. जतन करणे म्हणजे काय, हे पाहायला या मार्गावरचा कांचनबुरीचा पूल फार उपयोगी आहे. पिएर बूल या फ्रेंच लेखकाची कादंबरी १९५२ साली निघाली. तिच्यावरून १९५७ साली ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा इंग्रजी चित्रपट आला आणि जगभर गाजला. त्याचे चित्रण झाले सिलोनमध्ये. पण प्रवासी येऊ लागले थायलंडमध्ये, आणि विचारू लागले, “क्वाय नदीवरचा पूल कुठे आहे?” पंचाईत अशी, की खरा पूल होता मे क्लाँग नदीवर! शेवटी १९६० च्या सुमारास त्या नदीच्या त्या भागाचे नावच बदलून क्वाय याई केले. पुलाला नदी मिळाली! पुलाच्या लोखंडी कमानींपैकी गोलाकार आहेत त्या जपान्यांनी जावाहून आणलेल्या. मधल्या सरळ, कोनाकोनाच्या आहेत त्या लढाईनंतर बसवलेल्या, कारण मूळच्या बाँबखाली गेल्या. म्हणजे पूल खरा, पण नाव गोष्टीतले. आणि कमानींतही खऱ्याबरोबर नवे मिसळलेले. जुनी वस्तू जपली, म्हणजे जुनी गोष्ट जपली असे होत नाही. वस्तू तीच राहते, तिच्याभोवतीची गोष्ट हवी तशी बदलता येते.

इकडे जपानमध्ये वाफेचे युग संपत आले होते. १९७२ साली रेल्वेला शंभर वर्षे झाली, तेव्हा क्योतोच्या उमेकोजी येथे १९१४ सालच्या अर्धवर्तुळाकार इंजिनघरात वाफेच्या इंजिनांचे संग्रहालय उघडले. निरनिराळ्या जातींची इंजिने तिथे आणली, तीही जमेल तितकी चालत्या स्थितीत. सी-५६ च्या वतीने तिथे जाऊन बसले ते अगदी शेंडेफळ, क्रमांक १६०. १९३९ साली जन्मलेले, घरी राहिलेल्या सत्तरांपैकी, लढाईचे तोंड न पाहिलेले. १४ डिसेंबर १९७५ रोजी जपानी राष्ट्रीय रेल्वेची वाफेवरची शेवटची नेहमीची उतारूगाडी होक्काइदो बेटावर धावली, आणि दहाच दिवसांनी शेवटची मालगाडी. देशभर लोक हळहळले. उद्यानांत, शाळांच्या पटांगणांत, गावोगावच्या चौथऱ्यांवर शेकडो इंजिने मांडली गेली.

चौथऱ्यावर मांडणे सोपे असते. पुढे पाऊस असतो, गंज असतो, आणि दोन-तीन वर्षांत उत्साह ओसरलेली नगरपालिका असते. इंजिन चालते ठेवणे हे याहून कितीतरी अवघड. बॉयलर ठराविक मुदतीने उघडून तपासावा लागतो, आतल्या नळ्या बदलाव्या लागतात, आणि असले सुटे भाग बाजारात मिळत नसल्याने एकेक भाग नव्याने घडवावा लागतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फावडे कसे मारावे, आच कशी धरावी, हे जाणणारी माणसे तयार करावी लागतात. लोखंड जपता येते. हातातली कला मात्र दुसऱ्या हातात दिली नाही, तर एका पिढीत मरते. शिझुओका प्रांतात ओइगावा नावाची एक छोटी खासगी रेल्वे आहे. तिने हे ओळखले, आणि राष्ट्रीय रेल्वेने वाफ सोडून वर्षही झाले नव्हते, तोच जुलै १९७६ मध्ये आपल्या मार्गावर वाफेची गाडी पुन्हा सुरू केली. उमेकोजीचे क्रमांक १६० सुद्धा बिवा सरोवराच्या उत्तरेला हौशी उतारूंच्या गाड्या ओढत होते. २०१८ च्या मे महिन्यात त्याने मुख्य मार्गावरची शेवटची फेरी केली. आता ते क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात असते.

आणि परदेशी गेलेल्या त्या नव्वदांचे काय? १९७९ साली त्यांतली दोन जपानला परत आली. दोन भाऊ म्हणा ना! पण दोघांचे नशीब पाहा किती वेगळे.

पहिले क्रमांक ४४. थायलंडमध्ये त्याचे नाव ७३५ होते. ओइगावा रेल्वेने ते आणले, त्याची चाके पुन्हा साडेतीन फुटांना बसवली, आणि १९८० पासून ते चहाच्या मळ्यांतून धावू लागले. २००७ साली जपान-थायलंड संबंधांना १२० वर्षे झाली, तेव्हा त्याला थायलंडमधले त्याचे जुने रूप देऊन धावते केले. २०१५ साली आणखी गंमत झाली. मुलांच्या गोष्टींत टॉमस नावाचे एक बोलके इंजिन आहे. त्याच्या जेम्स नावाच्या मित्राचा लाल रंग आणि हसरा मुखवटा या क्रमांक ४४ ला चढवला गेला. मुले टाळ्या पिटायची. ज्या इंजिनाने लढाईची रसद वाहिली, त्याला मुलांनी हात हलवून निरोप द्यावा, यापरते चांगले म्हातारपण ते काय असणार?

दुसरे आपले क्रमांक ३१. जपानच्या रेल्वे-पलटणींतल्या माजी सैनिकांनी पैसे जमवून ते थायलंडहून आणले आणि यासुकुनीला वाहिले. त्यांची भावना खोटी होती, असे मी म्हणणार नाही. त्या जंगलात त्यांचेही सोबती मेले होते, तरुण वयात, घरापासून हजारो कोस दूर. ज्या इंजिनाबरोबर आपण राबलो ते भंगारात जाऊ नये, असे कुणाला वाटणार नाही? पण वस्तू जिथे ठेवावी, तिथली भाषा ती बोलू लागते. खेळाच्या गाडीला जोडले तर ती खेळाची होते, देवस्थानात ठेवली तर पूज्य होते. तोफांच्या शेजारी उभे असलेले क्रमांक ३१ सांगते ते पराक्रमाविषयी : अवघड मार्ग, थोडा काळ, अपुरी साधने आणि अखेर यश. हे सगळे खरेच आहे. पण त्या यशाच्या पायात काय पुरले गेले, ते त्या लखलखीत काळ्या रंगात दिसत नाही.

एरिक लोमॅक्स नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. लहानपणापासून आगगाडीच्या इंजिनांचे विलक्षण वेडे. सिंगापुरात कैद झाले आणि दैवगती अशी, की त्यांना नेले ते याच रेल्वेच्या कामावर! चोरून रेडिओ बनवण्यात त्यांचा भाग होता आणि त्यांनी स्वतः काढलेला रेल्वेचा नकाशा जवळ सापडला, म्हणून त्यांचे अतोनात हाल केले गेले. त्या चौकशीत दुभाषा होता एक तरुण जपानी, नागासे ताकाशी. लढाईनंतर नागासेंना त्या खोलीतला आवाज विसरता येईना. ते पुन्हा पुन्हा थायलंडला गेले, १९८६ साली पुलाजवळ त्यांनी शांतीसाठी एक मंदिर बांधले. १९९३ साली त्याच पुलाजवळ लोमॅक्स आणि नागासे समोरासमोर आले. एकाने क्षमा मागितली, आणि पुढे दुसऱ्याने दिली. लोमॅक्सनी १९९५ साली आपली कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. इंजिनावर जिवापाड प्रेम करणारा हा माणूस त्याच इंजिनाच्या वाटेवर चिरडला गेला, आणि तरी त्याचे इंजिनांवरचे प्रेम गेले नाही. मला वाटते, जुनी इंजिने कशी पाहावीत, हे आपण त्याच्याकडून शिकावे. लोखंडाचा राग करू नये. पण त्याच्या चाकाखाली काय आले, ते विसरूही नये.

थायलंडमध्येही ही तट्टे जपलेली आहेत. ७१३ आणि ७१४ या दोघांना चालत्या स्थितीत ठेवून क्वाय पुलाच्या वार्षिक उत्सवात धावते केले गेले. पलीकडे ब्रह्मदेशात, मार्गाच्या दुसऱ्या टोकाला थानब्यूझायत येथे, एक सी-५६ उघड्यावर उभे आहे. २०१६ साली तिथे त्या रेल्वेचे संग्रहालयही निघाले. त्या गावाजवळ युद्धकैद्यांची दफनभूमी आहे. कांचनबुरीलाही आहे, तिथे सात हजारांच्या आसपास थडगी आहेत, हिरवळ राखलेली, दगड ओळीने मांडलेले.

आणि तमिळ मजुरांचे काय राहिले? त्यांच्यासाठी ना हिरवळ, ना ओळीने दगड. आपल्याकडचे प्रवासी यासुकुनीला जातात, कारण न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे स्मारक २००५ साली त्या आवारात उभारले आहे. टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल त्यांनी लिहिला. त्या स्मारकापुढे हात जोडावेत, ज्याची त्याची श्रद्धा. पण तिथून काही पावलांवर काचेआड जे इंजिन उभे आहे, त्याच्या वाटेवर आपल्याच देशातून पोटासाठी गेलेली हजारो माणसे नावाशिवाय मेली, हे त्यांतल्या कितींना माहीत असते?

एक बातमी मात्र चांगली आहे. २०२३ साली कांचनबुरीच्या एका बौद्ध मठाच्या आवारात या तमिळ मजुरांच्या स्मरणार्थ एक दगड उभारला गेला. तमिळमध्ये त्याला ‘नडुकल’ म्हणतात. आपल्याकडे त्यालाच वीरगळ म्हणतात. गावाच्या वेशीवर, जुन्या देवळाच्या आवारात शेंदूर फासलेले वीरगळ आपण पाहतोच. गाईगुरे राखताना किंवा गाव राखताना जो पडला, त्याचा तो दगड. पुष्कळदा त्यावर नावही नसते. पण कुणीतरी इथे पडला, आणि गावाने त्याची आठवण ठेवली, एवढे तो दगड सांगतो. ऐंशी वर्षांनी का होईना, त्या मजुरांना आपल्या माणसांकडून आपल्या पद्धतीचा दगड मिळाला.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. क्रमांक ३१ जपले, हे योग्य केले का? योग्यच केले. ते वितळवून टाकले असते, तर एक साक्षीदार कमी झाला असता. पण साक्षीदार नुसता उभा करून भागत नाही; त्याला प्रश्न विचारावे लागतात. तुला कुणी बांधले, हे तर विचारावेच. पण तुझ्यासाठी वाट कुणी बांधली, हेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर कोरलेले सापडते. दुसऱ्याचे उत्तर कुठेही कोरलेले नाही. ते शोधायला कांचनबुरीच्या मठातल्या त्या दगडापाशी जावे लागते.